नवसाबाईची ठेव

सावळीराम म्हणजे देवमाणूस, असं मखमलाबादच्या वाटेवरच्या मळ्यांमधून कोणीही सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. शेवंती, झेंडू, मधूनमधून निशिगंध. पहाटे सायकलला टोपल्या बांधायच्या, पंचवटीतून नदी ओलांडून फुलबाजार गाठायचा, दहाच्या आत मळ्यात परत. कोणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाच्या हातून कोणाचं वाटोळं होईल असं कोणाला वाटत नाही. देवमाणसांचं हेच वाईट, त्यांच्यावर कोणी नजर ठेवत नाही.

त्याला एकच बहीण. नवसानं झाली म्हणून नवसाबाई. तिला घोटीला दिली होती. नवरा ऐन तारुण्यात गेला, पोटी मूल नाही. दिराची भातगिरणी होती, ती तिथंच राहिली. राहिली म्हणजे राबली. हमालांचा स्वयंपाक, गिरणीची झाडलोट, आणि रात्री गिरणीला लागून असलेल्या खोलीत भाताच्या पोत्यांच्या आडोशाला अंथरूण. तूस आणि कोंड्याची धूळ त्या खोलीतून कधी हटायची नाही. ती तिच्या छातीत बसली. चाळिशीतच बाईला जिना चढताना भिंतीला हात लावावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, बाई, औषध मी देतो, पण त्या धुळीत झोपणार असाल तर औषधाचा काही उपयोग नाही. मग मी झोपू कुठं, असं तिनं विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

माहेर होतं की, असं कोणी म्हणेल. होतं, पण आपल्याकडे माहेर हे आठ दिवसांचं असतं. नवव्या दिवशी भावजय भांडी जरा जोरात ठेवायला लागते. सावळीरामाची बायको कलाबाई काही कजाग नव्हती, पण नणंद कायमची घरात म्हटल्यावर तिचाही चेहरा पडायचा. नवसाबाईला ते कळत होतं. तिला हवी होती स्वतःची एक खोली. पंचवटीकडे कुठंतरी, खिडकीला वारा येईल अशी. पोळ्या लाटून देऊन पोट भरलं असतं तिनं. खोली हवी एवढं एकच स्वप्न होतं आणि ते काही फार मोठं नव्हतं.

आता जमिनीचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. वडील वारले तेव्हा सातबाऱ्यावर दोघांचीही नावं लागणार होती. पण रीत अशी की बहिणीनं कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं तिला साडी घ्यायची, आणि बाहेर येऊन दोघांनी डोळे पुसायचे. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण कायद्यापेक्षा जास्त पाळलं जातं. नवसाबाईनं सही केली. काही विचारलं नाही.

आणि सावळीरामानं ते मनात ठेवलं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. अठ्ठ्याण्णव साली मळ्यातला एक तुकडा रस्त्याला गेला आणि सरकारचा मोबदला आला, तेव्हा त्यानं न मागता त्यातले दीड लाख बहिणीचे म्हणून बाजूला काढले. पंचवटीतल्या बँकेत दोघांच्या नावावर पाच वर्षांची मुदतठेव केली, साडेअकरा टक्क्यांनी. दोन हजार तीन साली पावती पिकली की नवसाबाईची खोली. सगळ्या भाऊबंदात बोलबाला झाला. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं बायका नवसाबाईला म्हणायच्या, आणि ती मान डोलवायची. तिलाही तसंच वाटत होतं.

दोन हजार सालच्या सुरुवातीला सावळीरामाच्या मुलीला, साधनाला, रावजींचं स्थळ आलं. रावजी म्हणजे आपल्याच समाजातले, पण पार वरचे. तीन मजली घर, दारात जीप, आणि तळमजल्यावर त्यांची पतसंस्था. संस्थेचं खरं नाव कुठल्याशा देवीचं, लांबलचक होतं, पण लोक नुसतं रावजींची पतसंस्था म्हणायचे. खाली कचेरी, वर घर. रावजींचा धाकटा मुलगा साधनासाठी मिळतोय म्हटल्यावर सावळीरामाला आधी खरंच वाटेना. सुपारी फुटली तेव्हा कलाबाईनं आनंदानं शेजारीपाजारी पेढे वाटले.

त्याच बैठकीत, पानसुपारी चालली असताना, रावजी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पाव्हणं, बँकेत कशाला ठेवता पैसा? आपल्या संस्थेत पंधरा टक्के देतो आपण. पाच वर्षांत दामदुप्पट. आपल्या लोकांचा पैसा आपल्या लोकांत राहावा, एवढंच बघा."

एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला. पण चार माणसांत बोलले होते. सावळीरामाचे स्वतःचे पैसे विहिरीत, पाइपलाइनीत आणि आता लग्नात चालले होते. शिल्लक म्हणावी अशी एकच रक्कम होती, ती बहिणीची.

आठवडाभर त्याला नीट जेवण गेलं नाही. व्याजाचा विचार तो करत होता, नाही असं नाही. साडेअकरा कुठं आणि पंधरा कुठं. फुलांचा भाव पैशानं कमीजास्त झाला तरी ज्याचा दिवस फिरतो त्याला साडेतीन टक्के म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पण खरं टोचत होतं ते दुसरंच. व्याह्यानं तोंड उघडून सांगितलं आणि आपण ऐकलं नाही, तर त्याचा अर्थ काय होतो?

कलाबाईनं तो अर्थ स्वच्छ सांगितला. "पोरगी त्यांच्या घरात द्यायला इस्वास हाय, अन् पैसा ठेवायला नाय? उद्या साधनाला कोणी बोलून दाखवलं तर मग?"

"पैसा आपला नाय, नवसाचा हे."

"मग वन्संचं वाईट व्हतंय का त्यात? जास्तीच मिळतंय ना."

तो बँकेत चौकशीला गेला. काउंटरवर ज्योत्स्ना मॅडम होत्या, नाशिकच्याच, बोलायला तोडून टाकणाऱ्या पण मनानं चांगल्या. त्यांनी पावती हातात घेतली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"काका, मुदतीआधी मोडलीत तर ठरलेलं व्याज मिळणार नाही. जेवढा काळ ठेवली तेवढ्या काळाचा दर लावतात आणि वरून एक टक्का दंड. आणि दुसरं सांगते. व्याजदर उतरताहेत. आज नवीन ठेव करायला आलात तर साडेअकरा मी तुम्हाला देऊ शकत नाही. हा दर तुम्हाला बांधून मिळालाय, तो सोडू नका."

"पण तिकडं पंधरा देत्यात."

"जो पंधरा देतो त्याला ते कुठून मिळतात, हे विचारलंत का?"

"विश्वासातली माणसं हायेत. आमचे व्याहीच."

"विश्वास गेला पानिपतात," मॅडम म्हणाल्या. "मोडायचीच असेल तर बहिणीला घेऊन या. दोघांच्या सह्या लागतील."

खरं तर इथं सुटका होती. मॅडम मोडू देत नाहीत, बहीण तयार नाही, असं काहीही सांगता आलं असतं. माणसं यापेक्षा कमी कारणावर खोटं बोलतात. पण सावळीरामाला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यानं घोटीला निरोप धाडला.

नवसाबाई सकाळच्या गाडीनं आली. स्टँडवरून बँकेपर्यंत चालताना दोनदा थांबली. वाटेत त्यानं तिला सगळं सांगितलं, पंधरा टक्के, दामदुप्पट, रावजी. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हंजी खोली कवा?"

"नवी पावती पाच वर्षांची. दोन हजार पाचला."

"अजून दोन वर्षं लांबली मग."

"दोन वर्षं थांबलीस तर एका खोलीच्या दोन व्हतील, नवसा."

ती पदरानं घाम पुसत उभी राहिली. तिला दोन खोल्या नको होत्या. तिला एकच हवी होती आणि ती लवकर हवी होती. हे तिनं त्या वेळी म्हणायला हवं होतं. पण जिनं जमिनीवर सही करताना तोंड उघडलं नाही ती व्याजावर काय उघडणार? "दादा, तुला पटंल ते कर," ती म्हणाली. बँकेत तिनं सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. ज्योत्स्ना मॅडमनी तिला विचारलं, बाई, समजलं ना सगळं? ती हो म्हणाली. दंड कापून आलेली रक्कम त्याच दुपारी रावजींच्या कचेरीत, नवसाबाईच्या एकटीच्या नावावर भरली गेली. रावजींनी स्वतः उठून पावती हातात दिली, आणि हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा कार्यक्रम असा यथासांग पार पडला.

मे महिन्यात साधनाचं लग्न झालं, थाटात झालं. आपल्याकडे आणखी एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. कन्या दान केली, आता तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा त्यामागचा अर्थ. पुष्कळांनी ती रीत सोडून दिली आहे. सावळीरामानं सोडली नव्हती. रावजींकडे कधी जावं लागलं तर तो घरून तहान भागवून निघायचा, आणि कोणी आग्रह केला तर हात जोडायचा. रावजींना त्याचं कौतुक वाटायचं. जुनी माणसं, म्हणायचे.

दोन वर्षं बरी गेली. मग कुजबुज सुरू झाली. रावजींच्या संस्थेनं कर्जं कोणाला दिली, तर रावजींच्या मेव्हण्याला, पुतण्याला, आणि अंबडला ज्या कारखान्याची भिंतसुद्धा उभी राहिली नव्हती त्या कारखान्याला. संस्थेत शिपाई होता सहादू, मखमलाबादचाच, सावळीरामाबरोबर शाळेत बसलेला. तो एका सकाळी फुलबाजारात येऊन सावळीरामाच्या टोपल्यांशेजारी उकिडवा बसला.

"सावळ्या, तुझ्या बहिणीची पावती मोडून घे. दोन महिने हायेत, लय तर तीन. मोठ्यांनी काढाया सुरवात केली हाय. आज मागशील तर तुला देतील. तू पाव्हणा हाय, तुला नाय म्हनायची सोय नाय त्येंला."

हे सांगताना सहादू आपली नोकरी पणाला लावत होता. सावळीरामानं त्याचे हात धरले. त्या दिवशी त्यानं शेवंती पडेल भावात देऊन टाकली आणि सायकल तिथंच लावून तडक रावजींकडे गेला. वाटेत त्यानं बोलायची वाक्यं जुळवली. बहिणीला बरं नाही. खोली लवकर बघायची आहे. व्याज नको, मुद्दल द्या. वाक्यं साधी होती आणि सगळी खरी होती.

कचेरीत रावजी होते. फोन चालू होता. बसा म्हणून त्यांनी हातानं खुणावलं. जिन्यावरून साधना खाली आली, हातात ट्रे, त्यात पाण्याचा तांब्या आणि चहा. बाप आल्याचं तिला खिडकीतून दिसलं असणार. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, मूल नव्हतं, आणि त्यावरून वरच्या मजल्यावर बोलणी बसायला लागली होती. हे तिनं आईला सांगितलं होतं, आईनं सावळीरामाला. पोर वाळली होती. तिनं ट्रे समोर ठेवला, तिला माहीत होतं की बाप घेणार नाही, तरी ठेवला. आणि हळूच म्हणाली, "आण्णा, काही काम होतं?"

सावळीरामानं तिच्याकडे पाहिलं. तळमजल्यावरची ती कचेरी त्याच्या लेखी कचेरी राहिलीच नव्हती. ते लेकीचं घर होतं. जिथला घोटभर चहा घ्यायचा नाही, तिथून दीड लाख काढून न्यायचे? पैसा तिचा नव्हता, तिच्या सासऱ्याचाही नव्हता, नवसाबाईचा होता, तिनं सोडलेल्या जमिनीचा होता. कोणाही शहाण्या माणसाला हे कळलं असतं. पण शहाणपण आणि रीत यांची गाठ पडली की सावळीरामासारखी माणसं रीतीच्या बाजूनं उभी राहतात, आणि वर त्याला धर्म म्हणतात. रावजींचा फोन संपला. ते म्हणाले, "बोला पाव्हणं."

"काय नाय. इकडून चाललो व्हतो."

चहावर साय धरली होती. तो उठला, हात जोडले आणि बाहेर पडला. घरी आल्यावर त्यानं कलाबाईला सगळं सांगितलं, तिनं ताट वाढायला घेतलं. पोरीचा संसार सांभाळून नवरा परत आला, याचं तिला बरंच वाटलं असेल.

त्या दिवाळीआधीच संस्थेचं शटर खाली आलं. बाहेर दोरी बांधून पोलीस उभे राहिले. पेन्शनीतली माणसं, भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या बायका, सगळे पावत्या हातात धरून रस्त्यावर बसले. प्रशासक येईल, वसुली होईल, मग बघू, असं सांगण्यात आलं. रावजी दवाखान्यात दाखल झाले. मोठ्या माणसांची छाती अशा वेळी बरोबर दुखते.

सावळीराम घोटीला गेला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी. तोवर त्याची हिंमतच झाली नाही. भाताचा हंगाम होता, गिरणी धडधडत होती, हवेत सगळा कोंडा. नवसाबाई खोलीच्या दाराशी सुपात तांदूळ पाखडत बसली होती. पाखडायची आणि थांबायची. श्वासाचा आवाज गिरणीच्या आवाजातूनही ऐकू येत होता. त्यानं तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. सहादू येऊन गेला होता तेही सांगितलं. काही लपवलं नाही, एवढं त्याच्या नावावर जमा धरावं.

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"सहादूनं सांगितलं तवा तू गेला व्हता त्येंच्याकडं?"

"गेलो व्हतो."

"मग मागितले का नाय?"

"लेकीचं घर, नवसा. तिथलं पानी चालत नाय आपल्याला. पैसे कसं मागू?"

नवसाबाईनं सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, तेवढा दमही नव्हता तिच्यात.

"मी बी लेकच व्हते की दादा, तुझ्या घरची. माझी जिमीन चालली तुला. माझे पैसे सोयऱ्याला द्यायला चालले. तवा कुठली रीत आडवी आली नाय."

सावळीराम रडायला लागला. मोठा माणूस, हमालांच्या समोर, हुंदके देऊन रडला. "चल माझ्यासंगं," तो म्हणाला. "आत्ता चल. माझ्याच घरी ऱ्हा."

"वहिनीला इचारलं?"

त्यानं विचारलं नव्हतं. ती थोडा वेळ वाट पाहत होती, तो काहीतरी म्हणेल म्हणून. विचारायचं काय त्यात, घर माझं आहे, असं एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्याकडून आलं नाही. मग तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "जा," म्हणाली. "गाडी चुकंल तुझी."

नवसाबाई माघ महिन्यात गेली, त्याच खोलीत, पोत्यांच्या मध्ये. दिरानं निरोप धाडला तेव्हा सावळीराम बाजारात होता. दहावा त्यानं हट्टानं आपल्याकडे घेतला, रामकुंडावर केला, जेवणावळ घातली. लोक पुन्हा म्हणाले, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तो पोलीस ठाण्यात गेला आणि रावजींच्या विरुद्ध लेखी तक्रार दिली. बैल गेला आणि झोपा केला. तक्रारीची बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. साधनाचं माहेरी येणं त्या घरानं बंद केलं. कलाबाई नवऱ्याशी बोलेनाशी झाली, ताट वाढायची आणि आत निघून जायची. ज्या भीतीनं त्यानं तोंड उघडलं नव्हतं ती सगळीच्या सगळी खरी झाली, फक्त आता त्या बदल्यात वाचवण्यासारखं कोणी उरलं नव्हतं.

पुढं सालाबादप्रमाणे प्रशासकाची तारीख लागायची. सावळीराम प्रत्येक तारखेला जायचा, टोपी काढून रांगेत उभा राहायचा. टेबलामागचा माणूस नवीन असला की तो विचारायचा, ठेवीदार कोण, त्यांना आणा. सावळीराम सांगायचा, ती नाही. मग तुम्ही कोण, असं विचारलं की तो भाऊ म्हणायचा नाही. मीच मोडायला लावली ठेव, असं म्हणायचा. टेबलामागच्या माणसाला ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळायचं नाही, आणि तो त्याला बाजूला उभं राहायला सांगून पुढचं नाव पुकारायचा.